मॅडमच्या पुस्तकातला तुझा हात

माय, मी झोपले नाही. काल नाही, परवा पण नाही. जरा डोळा लागतो तेवढ्यात जिन्यावर चप्पल वाजल्यासारखं होतं, मी उठून कडी बघते, कडी लावलेलीच असते. मग पोरीच्या अंगावर पाय टाकून पडून राहते. कारण सांगते, पण तू चिडशील. तू पोळ्या करायचीस त्या मॅडमने पुस्तक काढलं. दिवाळीचं पुस्तक, सुट्टीत लोक निवांत वाचतात म्हणून दिवाळीच्या तोंडावर काढलेलं. त्यात तू आहेस. मी आहे, माझी पोरगी आहे. आणि त्या पुस्तकावरून माझ्या सासरच्यांना कळलं की तू त्यांच्याशी खोटं बोलली होतीस आणि मी कुठे गेलेच नव्हते, इथेच होते. भाऊबीजेला ते येणार आहेत. पोरीला न्यायला.

आता नीट सांगते, तू गेलीस तेव्हा यातलं काहीच नव्हतं. कोजागिरी झाली, चंदनी पडव्याला सगळी सुरत घारी खाते, त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. कडोदऱ्याला, माझ्या खोलीवर, गाडी करून. कधी आल्या नव्हत्या. मी साड्यांच्या गठ्ठ्यात बसलेली, अंगावर सगळे धागे. धागाकटिंगच करते अजून, शेठ माल पाठवतो, उलट्या बाजूचे लोंबणारे धागे कापायचे आणि घडी करून ठेवायची. तू दिलेलं ते बोटात धरायचं कटर अजून तेच वापरते. मॅडमना बसायला जागा करायला मी गठ्ठे ढकलत होते तर त्या उभ्यानेच म्हणाल्या, "राहू दे गं ते. आधी आनंदाची बातमी ऐक. ओळख बघू!" मला वाटलं त्यांच्या लेकीला बाळ झालं. त्यांनी पिशवीतून घारीचा डबा काढला आणि डब्याच्या खालून पुस्तक काढलं. "माझी कादंबरी आली. आणि कुणाला दिलीय बघ." पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. जिच्या हातच्या पोळ्यांवर हे घर जगलं, तिला. तुझं नाव नव्हतं, पण तूच. खरं सांगते माय, मी रडले. पोरीने तोपर्यंत घारी उचलली होती, तूप गालाला, फ्रॉकला. मॅडम हसत होत्या, त्यांचे पण डोळे भरलेले. म्हणाल्या, "कार्यक्रमाला यायचं. पहिल्या रांगेत बसायचं तू."

"मी काय करू तिथे मॅडम?"

"तू नाही आलीस तर कार्यक्रम कशाला करायचा मी?"

भावाला फोनवर सांगितलं तर तो एकदम म्हणाला, "जाऊ नको." का, तर म्हणे, "मोठ्या लोकांच्या कार्यक्रमात आपण पुढे बसलो की समजून घ्यायचं आपलंच काहीतरी वाढून ठेवलंय." मी म्हटलं तुला काय कळतं, मायचं नाव होणार आहे. त्याने फोन ठेवला. तुझ्यासारखाच आहे तो, जास्त बोलत नाही आणि जे बोलतो ते लागतं.

तुला मॅडमचं स्वयंपाकघर आठवतं का? मला आठवतं. मी ओट्याखाली बसलेली आहे, शाळेला सुट्टी म्हणून तू मला अडाजणला घेऊन आलीस. तू पोळ्या लाटतेस, मॅडम बाहेरच्या टेबलावर लिहीत बसल्यात, मधेच पेन घेऊन आत येतात आणि फ्रिजला टेकून उभ्या राहतात. "मग मावशी, पुढे काय झालं?" तू म्हणतेस, "आमच्यासारख्याचं काय असतं मॅडम सांगायला," आणि असं म्हणून सगळी कणीक संपेपर्यंत सांगत राहतेस. गावचं, बाबांच्या दारूचं, उधन्याच्या खोलीत पाणी भरायचं, सगळं. घरी तू एवढी बोलत नव्हतीस. घरी तुला कोण विचारत होतं पुढे काय झालं म्हणून? आम्ही तर भाकरी दे एवढंच म्हणायचो. एकदा मी टेबलावरचं पुस्तक उचललं, हाताला पीठ होतं, तू मला सणकन मारलंस. "त्याले पीठ लागीन ना! मॅडमचं लई कष्टाचं काम ऱ्हास ते." तू त्यांच्या पुस्तकाला पिठाचा डाग लागू दिला नाहीस, आणि बघ.

कार्यक्रम वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये होता. मी पिवळी साडी नेसले, पोरीला दोन वेण्या घातल्या. पुढच्या रांगेत खुर्चीवर माझं नाव नव्हतं पण मॅडमने हात धरून बसवलं. बरेच लोक होते, बँकेतले, शाळेतले, आणि मागे आपल्या खानदेशी मंडळाच्या बाया पण होत्या, दिवाळीला गावी जायच्या आधी जमलेल्या. सगळे मॅडमना हार घालत होते. मग मॅडम वाचायला उभ्या राहिल्या. आधी त्यांनी लोकांना समजावलं. म्हणाल्या, खानदेशात कानबाई बसते ती म्हणजे एक नारळच असतो, सासूकडून सुनेकडे आलेला, त्याला नथ घालतात, दागिने घालतात, वर्षभर देवघरात जपतात, आणि त्याच्यावर हात ठेवून कोणतीही बाई खोटं बोलत नाही, जीव गेला तरी. लोक माना हलवत होते.  मला कळलं त्या काय वाचणार.

माय, त्यांनी तो दिवस वाचला. सगळाच्या सगळा. मी नवऱ्याच्या घरून पोरीला घेऊन पळाले ते, ती अंगावर पिणारी होती, त्याने तिला पाळण्यातून उचलून आपटायला वर केलं होतं, ते. दुसऱ्या दिवशी नवरा, सासरा आणि नणंद आपल्या खोलीवर आले, ते. मी वर माळ्यावर, साड्यांच्या गठ्ठ्यांच्या मागे, पोरीला छातीशी दाबून धरलेली, तिने आवाज करू नये म्हणून. खाली सासरा म्हणतो, नाही म्हणतेस ना, मग नारळावर हात ठेव. आणि तू ठेवलास. मी वरून फक्त तुझा आवाज ऐकला होता. "मनी आंडेर आठे नही." माझी लेक इथे नाही, एवढंच. मग ते गेले, आणि थोड्या वेळाने तू माळ्याखाली उभी राहून म्हणालीस, "उतर. रडू नको. मी शे ना." बस, मला एवढंच माहीत होतं. तुझा हात मी पाहिलाच नव्हता. तो मी त्या हॉलमध्ये पाहिला, मॅडमच्या तोंडून. पिठाचा हात, पोळ्या करून आलेली, बांगडीखाली कणीक वाळलेली, तो हात सरळ नारळावर गेला, असं त्यांनी लिहिलंय. लोक टाळ्या वाजवत होते. एक म्हातारे गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होते. आणि मी पोरीचं डोकं मांडीवर दाबून बसले, जशी तेव्हा बसले होते तशीच.

चहाच्या वेळी मागच्या आपल्या बाया आपसात बोलत होत्या. एक म्हणे, "कोन असेल गं ही? कानबाईवर हात ठेवून खोटं?"

दुसरी म्हणे, "गोष्ट आहे, गोष्टीत काय कोणी पण काही पण करतं."

"नाही गं, हे ऐकलेलं आहे मी. नंदुरबारकडचे लोक होते. सून पळाली होती, पोरगी घेऊन. तिच्या मायने शपथ घेतली म्हणून ते लोक परत गेले होते. खोटी घेतली का काय मेलीने?"

"तोंड झडलं नाही तिचं?"

मी तिथेच उभी होते, हातात कागदी कप. मेली म्हणाली ती तुला. मी बोलले असते तर कळलं असतं. पोरगी माझा पदर ओढत होती, "मम्मी, घेर जईए," मी म्हटलं चल घरी. तेवढ्यात मॅडम आल्या, मला खांद्याला धरून फोटोवाल्यासमोर उभं केलं, पोरीला मध्ये घेतलं, आणि सगळ्यांना मोठ्याने सांगितलं, "ही तिची लेक बरं का! कादंबरीत नाशिक केलंय मी, पण हे सगळं इथे सुरतेत घडलेलं आहे." किती खूश होत्या.  फोटो निघाला. त्यात मी हसतेय म्हणे.

तो फोटो मंडळाच्या ग्रुपवर गेला. वाचलेलं पण कोणी फोनमध्ये घेतलं होतं, ते पण गेलं. दोन-चार दिवसांनी मॅडमचा फोन, पुन्हा आनंदाची बातमी. "अगं, फोनवर फोन येतायत! लोक एका बैठकीत वाचून काढतायत. पुण्याहून पण बोलावणं आलंय, तिकडे प्रकाशन करायचं म्हणतात. आणि एक गंमत सांगू? तुमच्याच भागातल्या एक बाई, ग्रुपवरून माझा नंबर काढला, रडत होत्या फोनवर. म्हणाल्या, त्या माउलीच्या लेकीला एकदा भेटायचंय, साडी-चोळी करायची आहे. मी तुझा नंबर दिला. दिला तर चालेल ना?" दिल्यावर विचारलं. मी म्हटलं, कोण बाई? म्हणाल्या, नाव विचारायचं राहिलं बघ, पलसाण्याला राहते म्हणाली, नवरा कापड रंगवतात त्या प्रोसेस हाऊसला आहे.

मला कळलं. पण मी स्वतःला म्हटलं, पलसाण्याला किती बाया राहतात.

दुपारी फोन आला. मी कटिंग करत होते, फोन खांद्याला लावला. "काय वहिनी, वळखलं का?" नणंदेचा आवाज मी झोपेत पण ओळखेन. माझ्या हातातलं कटर साडीत गेलं, चांगली साडी फाटली, ती भरून द्यावी लागेल तो वेगळा विषय. ती हसत होती. "तू तर मोठी झालीस व! पुस्तकात आलीस! आम्ही येडे, आम्ही पार मुंबईपर्यंत शोधलं. माझा बाप मरेपर्यंत म्हणत होता, कानबाईवर हात ठेवला त्या बाईने, ती खोटं बोलणार नाही. माले तर पहिलेच वाटलं व्हतं. तुनी माय देवीवर खोटं बोलनी ना! म्हणून तर लवकर गेली."

मी म्हटलं, माझ्या मायबद्दल बोलायचं नाही.

"मी कशाला बोलू? पुस्तकातच लिहिलंय तसं. वाचलं नाही का तू? वाच, वाच." मग आवाज बदलला तिचा. "हे बघ, दादाने दुसरी केली, तिला पोर नाही. तू राहा तिकडे तुझी खुशाल, आम्हाला तुझ्याशी काही नाही. पोरगी आमच्या घरची आहे. कडोदऱ्याची तुझी खोली पण कळली आहे, भाऊबीजेला दादाला घेऊन येते. पोरीची तयारी करून ठेव. आणि या वेळेला कोणाला हात-बित ठेवायला लावणार नाही आम्ही. सरळ घेऊन जाणार."

पोरगी तेव्हा दारात बसून रांगोळीचे ठिपके काढत होती. बापाचं तोंड तिला माहीत नाही. तो पाळण्यातून तिला उचलणारा हात माझ्याच डोळ्यात आहे, तिच्या नाही.

मी दुसऱ्या दिवशी अडाजणला गेले. पोरीला बरोबरच नेलं, आता हिला कुठे ठेवत नाही. मॅडमच्या घरात फुलं, पुडे, टेबलावर पुस्तकांची थप्पी. "ये ये, बस," म्हणाल्या. मी बसले नाही. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही नंबर दिला ती बाई माझी नणंद आहे."

त्या खुर्चीत बसल्याच. तोंडावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "अगं, पण मी तर सगळं बदललं होतं. नावं बदलली. गाव बदललं. कापडाच्या लूमच्या जागी विडीचा कारखाना घातला. कुणाला कळू नये म्हणूनच ना!"

"नारळ ठेवला ना."

"नारळ तर पाहिजेच गं. तो काढला तर कादंबरीत राहतं काय?"

"तेच सांगते मॅडम. नाव, गाव आमचं कोणी पण असतं. पण कानबाईच्या नारळावर खोटं बोललेली बाई आमच्यात एकच आहे. तुम्ही पत्ता लिहिल्यासारखंच केलं."

त्यांना खरंच कळलं नव्हतं, माय. मी त्यांचं तोंड बघत होते, ढोंग नव्हतं. त्यांना तो नारळ छान वाटला होता. फुलदाणी छान वाटते तसा. त्या रडायला लागल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पुढच्या आवृत्तीत मी नारळाच्या जागी तुळस करते. शब्द देते तुला." तुळस! मला हसू पण आलं आणि असा राग आला की ती थप्पी खाली लोटून द्यावी. मी म्हटलं, तुळस करा नाही तर आंबा करा, भाऊबीज पुढच्या आवृत्तीच्या आधी आहे.

"आपण पोलिसात जाऊ. मी स्वतः येते तुझ्याबरोबर. फक्त हे पुण्याचं प्रकाशन होऊन जाऊ दे."

"कधी आहे ते?"

"भाऊबीजेच्या आदल्या दिवशी. परत आले की लगेच."

 त्यांनी मान खाली घातली. मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही माझ्या मायला दारात उभं केलं सगळ्यांसमोर. भाऊबीजेला तुम्ही माझ्या दारात येऊन बसा. ते आले की सांगा, हे मी लिहिलं, पोरगी आईपाशी राहील. तुमचं ऐकतील. माझं कोण ऐकतं?" त्या म्हणाल्या, "बघते गं. तिकिटं काढलेली आहेत." बघते म्हणाल्या. तू इतकी वर्षं त्यांच्या घरी पोळ्या केल्या, दिवाळीला पण गेलीस, ताप होता तरी गेलीस, तू कधी बघते म्हणाली होतीस का?

आता जे तुला विचारायचं आहे ते विचारते. नणंद म्हणाली होती ना, पुस्तकात लिहिलंय, वाच. त्याच रात्री मी तो भाग वाचला. एक पान वाचायला मला चहा गार होईपर्यंत वेळ लागतो, पण वाचलं. त्यात आहे की शपथेनंतर त्या बाईच्या पोटात दुखायला लागलं. तिने डॉक्टरला उशिरा दाखवलं, कारण तिला वाटत होतं हे डॉक्टरचं दुखणं नाही, देवीचं आहे, भोगायचं आहे. मालकिणीला ती स्वयंपाकघरात विचारते, "मॅडम, लेकीसाठी खोटं बोललं तर देवी समजून घेत असेल ना?" आणि मालकीण काहीतरी चांगलं उत्तर देते. तुझं पोट दुखत होतं, माय. तू डॉक्टरकडे उशिरा गेलीस. आम्ही ओरडायचो तुझ्यावर, तू म्हणायचीस, "व्हई जाईन बरं." मला कधी बोलली नाहीस तू हे. भावाला नाही. मग हे मॅडमना सांगितलंस का?

त्या दिवशी अडाजणलाच मी त्यांना विचारलं. "मॅडम, हे माझी माय खरंच बोलली होती का?" त्या म्हणाल्या, "आता मला नक्की सांगता येणार नाही गं. काहीतरी म्हणाली होती ती. काही तिचं आहे, काही मी घातलेलं आहे. लिहिताना ते एक होऊन जातं, नंतर वेगळं नाही काढता येत."

एक होऊन जातं! माझी माय होती ती! कणीक आहे का पाणी घालून मळायला? त्यांना नवं पुस्तक मिळालं, हार मिळाला, लोक फोन करून रडतात. मला एवढं पण मिळू नये, की तू कशाने गेलीस, माझ्यामुळे गेलीस की आजाराने गेलीस? तू नाही सांगू शकत, त्यांना आठवत नाही. आणि पुस्तकात मात्र छापून आलंय, आता तेच खरं. नणंद तेच बोलते, उद्या सगळी जात तेच बोलेल, देवीने नेली म्हणून. तू बोलली असशील तर मला राग आहे तुझ्यावर. फ्रिजला टेकून उभ्या राहिलेल्या बाईला सांगितलंस आणि शेजारी झोपणाऱ्या लेकीला नाही. आणि बोलली नसशील तर त्यांनी तुझ्या तोंडात घातलं, तुझ्या पोटात दुखणं घातलं, त्याला मी काय म्हणू? देवी पण बाईच आहे ना? माळ्यावर कोण होतं ते तिला दिसत नव्हतं का? ती तुला शिक्षा करेल हे मी मानत नाही. ज्याने पोर आपटायला उचललं तो दुसरी बायको करून मजेत आहे, आणि दुखणं तुला? असली देवी आपल्याकडे कधी बसलीच नाही.

इथे आता सगळं रिकामं होत चाललंय. कारखाने बंद झाले, लाभपाचमेपर्यंत, दिवाळीनंतरच्या पंचमीपर्यंत, सुट्टी. खालच्या खोलीतले परवा गावी गेले, समोरच्या बाई आज गेल्या, जाताना म्हणाल्या, "बेन, तुम्ही नाही जात?" मी म्हटलं माझं गाव इथेच. कालपासून जिन्यावर दिवा लागत नाही, लावणारेच गेले. ओरडले तर ऐकायला कोण आहे याचा हिशोब करते आणि सोडून देते. दुसरीकडे पळून जावं असं पण वाटलं, पोरीचे कपडे पिशवीत भरले होते. मग पुन्हा काढून ठेवले. किती वेळा पळायचं? हिची शाळा आहे, पहिलीत हिला टीचरने मॉनिटर केलंय, फळ्यावर नाव लिहिते ती. मी ठरवलंय. या वेळेला माळा नाही. आले तर दार मीच उघडणार, उजेडात उभी राहणार, आणि सांगणार, हो, माझी माय खोटं बोलली, माझ्यासाठी बोलली, आणि पुन्हा वेळ आली असती तर पुन्हा बोलली असती. पोरगी देत नाही. उद्या सकाळी चौकीवर पण जाणार आहे, मॅडमची वाट बघत नाही. तिथे विचारतील इतकी वर्षं लपून का राहिलीस, तर काय सांगायचं ते मनात म्हणून बघते आहे. सारखं अडतं.

कडी अजून उठून उठून बघते ते वेगळं. ते तुला खोटं सांगत नाही.

हा कागद कुठे पाठवू मी? शाळेच्या जुन्या वहीतली पानं आहेत, पोरीने मागे कमळ काढलंय. आणि एक सांगायचं राहिलं. पुस्तक मी फाडून टाकणार होते. नाही फाडलं. त्यात एका पानावर तू पोळी लाटता लाटता मॅडमची नक्कल करतेस, पेन कानाला लावून चालतात तशी, आणि हसतेस, तोंडाला पदर लावून. ते खरं आहे, ते मला माहीत आहे, तू तशीच हसायचीस. ते पान मी तीनदा वाचलं. राग असताना वाचलं.

भावाला मी यातलं अजून काही सांगितलेलं नाही. तो इच्छापोरला आहे, कंपनीत सुट्टीत मशिनी खोलतात त्या कामाला, फोन गेटवर जमा करून आत जातो. संध्याकाळी त्याचा फोन येतो, मी म्हणते सगळं बरं आहे. त्याने जाऊ नको म्हटलं होतं ना. आणि तो आला तर हाणामारी करेल, त्याची बायको पोटुशी आहे. आज सांगेन म्हणते, रोज म्हणते.

म्हणून हा कागद उशाखाली न ठेवता पाण्याच्या माठाखाली ठेवते, दिसेल असा. कोणी वाचत असाल आणि आम्ही दोघी खोलीत नसलो तर माझ्या भावाला फोन करा. नंबर याच पानाच्या मागे, कमळाच्या बाजूला लिहिलाय. उचलला नाही तर पुन्हा करा, संध्याकाळी उचलतो. त्याला सांगा, बहीण राजीखुशीने गेलेली नाही. ते काही पण सांगतील, ती स्वतः आली म्हणतील, त्याने ऐकायचं नाही. एवढंच सांगा त्याला.